कुत्र्याच्या आहारात जवस, तीळ आणि भोपळ्याच्या बिया: किती द्याव्यात, कशा द्याव्यात आणि केव्हा देऊ नयेत

कुत्र्याच्या अंगावरची चकाकी गेली, केस नेहमीपेक्षा जास्त गळू लागले किंवा शौचाला खडा होऊ लागला की, कोणीतरी हमखास जवस घालून पाहायला सांगते. सल्ला अगदीच चुकीचा नसतो. पण जवस किती घालायचे, कोणत्या रूपात घालायचे आणि कशात कालवायचे, हे सांगणारा सहसा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. आमच्या तांबीच्या बाबतीत मी तेच केले होते. ती गावठी कुत्री, वजन सतरा किलोच्या आसपास, खाण्यात कोणतीही खोड नसलेली. पहिले पंधरा दिवस मी तिच्या भातावर अख्खे जवस भुरभुरून देत असे आणि तीही मिटक्या मारत खात असे. मग एकदा अंगणात तिची विष्ठा उचलताना दिसले की, जवसाचे दाणे जसेच्या तसे, तपकिरी आणि चकचकीत, बाहेर पडलेले आहेत. पंधरा दिवसांत त्या दाण्यांतले जवळजवळ काहीच तिच्या अंगी लागले नव्हते.

याचे कारण कुत्र्याच्या जबड्यात आहे. गाय किंवा माणूस दाढांखाली घास आडवा फिरवून दळू शकतो. कुत्र्याचा जबडा मात्र वरखालीच हलतो, त्याच्या दाढा कात्रीसारख्या कापतात आणि तुकडा गिळण्याजोगा झाला की तो गिळला जातो. जवसाएवढा गुळगुळीत आणि कठीण सालीचा दाणा त्या दातांत सापडतच नाही. म्हणून कुत्र्याला बी द्यायची ती दळून किंवा कुटूनच दिली पाहिजे आणि फुगणारी बी असेल तर भिजवूनच दिली पाहिजे.

बी घालण्यापूर्वी भांड्यात मुळात काय आहे, ते पाहावे. कुत्रा विकतचे संपूर्ण आहार म्हणून बनवलेले खाद्य खात असेल, तर पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. अशा पुष्कळ खाद्यांत जवस किंवा त्याचे तेल आधीपासूनच असते आणि मेदाम्लांचे, म्हणजे ज्या आम्लांपासून मेद बनतो त्यांचे, प्रमाण बसवलेले असते. त्यावर आणखी चमचाभर टाकल्याने फायदा होतोच असे नाही. घरचे अन्न असेल तर प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर असतो. दूध-पोळी, वरण-भात किंवा उकडलेली कोंबडी आणि भात यांवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या कुत्र्याला सर्वांत आधी कमी पडते ते कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. कुत्र्याच्या आहारात या दोहोंचे प्रमाण एकास एक ते दोनास एक, म्हणजे कॅल्शियमच्या बाजूने झुकते, असावे लागते. बियांनी हा तोल सुधारत नाही, उलट थोडा बिघडतो. भोपळ्याच्या १०० ग्रॅम सोललेल्या बियांत फॉस्फरस सुमारे १२०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ५० मिलिग्रॅम असते. बिनसोललेल्या तिळात कॅल्शियम खूप असते हे खरे आहे, परंतु त्यातला मोठा भाग सालीतील ऑक्झलेट या क्षाराशी बांधलेला असल्यामुळे तीळ घालून हाडांची गरज भागेल, असे मानू नये. शिवाय सर्वच बियांमधील फायटेट हा घटक जस्त अडवून ठेवतो आणि जस्ताच्या कमतरतेचे पहिले लक्षण अनेकदा कातडीवरच दिसते. म्हणजे केस सुधारावेत म्हणून ओंजळीने बिया घालणारा माणूस नेमके उलटेच घडवून आणू शकतो. घरचा आहार असल्यास आधी पशुवैद्याकडून कॅल्शियम आणि इतर पूरकांचे प्रमाण ठरवून घ्यावे आणि मगच बियांचा विचार करावा.

केस गळण्याचे कारणही आधी शोधावे. आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कुत्र्याच्या कातडीच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा गोचीड, पिसवा, लूत किंवा बुरशी असते. मध्यम वयाच्या, सुस्तावलेल्या आणि वजन वाढलेल्या कुत्र्यात थायरॉईडचा दोषही असू शकतो. यांपैकी कोणतेही कारण जवसाने जात नाही, मात्र जवस चालू आहे या समाधानात दोन महिने सहज जातात.

कोणती बी कशासाठी

जवस, म्हणजे काही भागांत जिला अळशी म्हणतात ती बी, या सगळ्यांत सर्वाधिक उपयोगाची आहे. तिच्यात सुमारे ४२ टक्के मेद असतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-३ मेदाम्लाचा असतो. तिच्यातील तंतू सुमारे २७ टक्के असून त्यांपैकी काही पाण्यात बुळबुळीत होणारे असतात, त्यामुळे मल मऊ राहण्यास मदत होते. पण येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. सांधेदुखी, ॲलर्जीची खाज, हृदय किंवा मूत्रपिंडाचे विकार यांत ओमेगा-३ चा जो उपयोग सांगितला जातो, तो ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांचा आहे आणि ती माशांच्या तेलात असतात. कुत्र्याचे शरीर जवसातील आम्लापासून ईपीए फारच थोडे बनवते आणि डीएचए तर जवळजवळ बनवतच नाही. तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याच्या गुडघ्यांसाठी जवस दळत बसण्यापेक्षा पशुवैद्याला विचारून माशाच्या तेलाची मात्रा ठरवावी, किंवा ज्यांच्या घरी मासे येतात त्यांनी मीठमसाला न लावता उकडलेली, काटे काढलेली तारली किंवा बांगड्याचा तुकडा द्यावा.

केसांच्या चकाकीसाठी खरे महत्त्व लिनोलेइक आम्ल या ओमेगा-६ मेदाम्लाचे आहे. ते कुत्र्याला अन्नातूनच मिळावे लागते आणि सूर्यफुलाच्या बिया व करडईचे तेल यांत ते भरपूर असते. ज्या घरी कुत्र्याचे अन्न तेलाच्या थेंबाशिवाय शिजते, तेथे दहा किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाला अर्धा लहान चमचा करडईचे तेल घातल्यास कोणत्याही बीपेक्षा सरळ काम होते. जवस आणि सूर्यफूल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात दोन्ही बियांनी सुमारे महिनाभरात कुत्र्यांचे केस व कातडी सुधारलेली दिसली, पण पुढे ती सुधारणा टिकली नाही. निरोगी कुत्र्याला आधीच पुरेशी मेदाम्ले मिळत असतील तर वरची भर फार दूर नेत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो.

भोपळ्याच्या बियांना जंतांवरचे औषध म्हणून मोठी प्रसिद्धी आहे. त्यांच्यात कुकुर्बिटिन नावाचा घटक असतो आणि पूर्वीपासून लोक त्या जंतांवर वापरत आले आहेत. परंतु कुत्र्यातील गोलकृमी, अंकुशकृमी किंवा पट्टकृमी यांच्यावर जंतनाशक गोळीऐवजी भोपळ्याच्या बियांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, पिल्लांच्या बाबतीत तर जिवावर बेतणारे आहे. त्या अधूनमधून खाऊ म्हणून, थोडी प्रथिने आणि मॅग्नेशियम मिळावे म्हणून द्याव्यात. लाल भोपळ्याचे घारगे किंवा भाजी होते त्या दिवशी बिया फेकू नयेत. त्या गर काढून धुवाव्यात, दोन दिवस उन्हात वाळवाव्यात, सोलाव्यात आणि भाजून कुटाव्यात. बाजारातल्या खारवलेल्या बिया मात्र घेऊ नयेत.

तिळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बहुतेक कुत्र्यांना भाजलेल्या तिळाचा वास आवडतो, म्हणून न खाणाऱ्या कुत्र्याच्या भातावर चिमूटभर कूट घालायला तो चांगला. चिया आपल्याकडे नवा असला तरी आता किराणा दुकानांतही मिळतो. तो स्वतःच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहून अधिक पाणी ओढून घेतो, म्हणून कोरडा कधीही देऊ नये. एक भाग चियात दहा भाग पाणी घालून अर्धा तास ठेवावे आणि गुठळ्या न राहता सर्व फुगला की अन्नात मिसळावा. दिसायला सारखा म्हणून सब्जा त्याच्या जागी वापरू नये.

जवस तयार करण्याची रीत

आठवड्याला लागतील एवढेच, म्हणजे एका मध्यम कुत्र्यासाठी दोन-तीन मोठे चमचे, जवस घ्यावेत. ताटात पसरून खडे, मातीचे कण आणि काडीकचरा निवडून काढावा. सुट्या जवसात तो बराच असतो. जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवून दाणे कोरडेच परतावेत. दोन-तीन मिनिटांत ते तडतडू लागतात आणि एखाददुसरा कढईबाहेर उडी घेतो. त्याच क्षणी आच बंद करून दाणे ताटात काढावेत. कच्च्या जवसात सायनाइड सोडू शकणारी संयुगे अल्प प्रमाणात असतात व उष्णतेने ती कमी होतात, म्हणून एवढे भाजणे योग्य आहे. मात्र काळपट होईपर्यंत भाजल्यास आतले तेल बिघडते. दाणे पूर्ण गार झाल्यावर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबून थांबून, दोन-दोन सेकंदांचे फेरे देत दळावेत. सलग फिरवल्यास भांडे तापते, पुडीला तेल सुटते आणि ती पात्याखाली चिकटून बसते. पूड चिमटीत घेऊन चोळली असता एकही अख्खा दाणा बोटाला लागू नये.

दळलेले जवस फार लवकर खवट होते, कारण त्यातील ओमेगा-३ हवेशी चटकन संयोग पावते. पूड लहान, कोरड्या, हवाबंद बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवड्यात संपवावी. घेण्यापूर्वी वास घ्यावा. चांगल्या पुडीला शेंगदाण्याच्या कुटासारखा गोडसर वास येतो, बिघडलेलीला रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येतो आणि जिभेवर कडवटपणा जाणवतो. तो जाणवल्यास सारी पूड टाकून द्यावी. रंगाच्या डब्याची उपमा उगाच दिलेली नाही, कारण रंगकामाला आणि लाकडाला लावायला हार्डवेअरच्या दुकानात जे अळशीचे तेल मिळते, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. ते तेल कुत्र्याच्या पोटात चुकूनही जाता कामा नये.

घरात जेवणासाठी केलेली जवसाची किंवा तिळाची चटणी कुत्र्याला देणे, हा या सगळ्यावरचा सोपा मार्ग वाटतो आणि तोच सर्वांत वाईट आहे. त्या चटणीत लसूण, मिरची आणि मीठ असते. लसूण व कांदा यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. अळिवाच्या लाडवात गूळ, खोबरे आणि बहुधा जायफळ असते, चिक्कीत साखर किंवा गूळ असतो. ज्याला बी द्यायची आहे त्याला नुसती बीच द्यावी.

प्रमाण

प्रमाण ठरवताना कुत्र्याचे वजन आणि दिवसाच्या एकूण कॅलरी या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. मुख्य आहाराव्यतिरिक्त जे काही कुत्र्याच्या तोंडात जाते, म्हणजे बिस्किटे, फळांचे तुकडे, पाहुण्यांनी टेबलाखालून दिलेले घास आणि या बिया, त्या सर्वांची बेरीज दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, असा पशुआहारातला सर्वमान्य दंडक आहे. नसबंदी झालेल्या, सर्वसाधारण हालचालीच्या दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ६५० किलोकॅलरी लागतात. त्यातून वरच्या खाऊसाठी ६० च्या आसपास उरतात. लहान चमचाभर दळलेले जवस सुमारे अडीच ग्रॅम भरते आणि त्यात १३ किलोकॅलरी असतात, म्हणजे कॅलरींच्या हिशेबात जवस महाग पडते असे नाही. पण बिस्किटे तशीच चालू ठेवून त्यावर बिया वाढवल्या, तर वजन हळूहळू वाढतेच.

दर पाच किलो वजनामागे दिवसाला पाव लहान चमचा दळलेले जवस, ही मी वापरतो ती कमाल मर्यादा आहे. पाच किलोच्या पॉमेरेनियनला पाव चमचा, दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा, वीस किलोच्या गावठी कुत्र्याला एक आणि तीस किलोच्या लॅब्रॅडोरला दीड चमचा, एवढे पुरते. चमचा सपाट असावा, शिगोशीग नसावा. हे फारच कमी वाटेल, परंतु अर्ध्या चमच्यातूनही अल्फा-लिनोलेनिक आम्ल पाव ग्रॅमच्या वर मिळते आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली दिलेल्या प्रमाणांप्रमाणे दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याची रोजची गरज एक दशांश ग्रॅमहूनही कमी भरते. तीळ, सूर्यफूल किंवा भोपळा यांपैकी काही देताना ते जवसाच्या जागी द्यावे, जवसावर वाढवून नव्हे. कारवान जातीची कुत्री बांध्यानेच सडपातळ असतात आणि त्यांच्या शेवटच्या फासळ्या दिसणे हे उपासमारीचे लक्षण नसते. त्यांना अंग धरावे म्हणून तेलबिया वाढवण्याचा मोह टाळावा.

पूर्ण प्रमाण पहिल्या दिवसापासून देऊ नये. पहिले चार दिवस नुसती चिमूट, त्यानंतर आणखी चार दिवस निम्मे प्रमाण आणि पोट नीट राहिले तर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण प्रमाण, असे चढत जावे. पूड ओलसर, कोमट अन्नात कालवावी. कोरड्या दाणेदार खाद्यावर टाकायची असल्यास आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून तो चिकट लगदा वर ओतावा. तंतू पाणी धरून ठेवतात, म्हणून पाण्याचे भांडे भरलेले असावे. पाण्यावाचून तेच तंतू बद्धकोष्ठ वाढवतात. एका वेळी एकच बी सुरू करावी. तीन बियांचे मिश्रण एकदम सुरू केले आणि चौथ्या दिवशी जुलाब झाले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. कुत्रा कोणतेही औषध घेत असेल, तर औषध आणि जवस यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण तो बुळबुळीत लगदा औषधाचे शोषण मंदावतो.

सुरू केल्याची तारीख, वजन आणि विष्ठेचे स्वरूप भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. मल पातळ झाला किंवा पोटात वायू धरला तर एक पायरी खाली यावे. कुत्र्याने वारंवार उलटी केली, खाणे सोडले, पोटाला हात लावू दिला नाही, किंवा पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग उंच धरून तो ताटकळत उभा राहू लागला, तर बी ताबडतोब बंद करून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. स्वादुपिंडाला सूज आल्यावर कुत्रे असे उभे राहते. केसांत फरक दिसायला सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. त्यानंतरही काही फरक नसेल तर प्रमाण वाढवू नये. जवस थांबवून कातडीची तपासणी करून घ्यावी.

काही कुत्र्यांना बिया देऊच नयेत. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे किंवा रक्तात चरबी जास्त आहे, त्याला मेदाचा थोडा भारही सोसत नाही. मिनिएचर श्नाउझर या जातीत हा धोका विशेष असतो. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस कमी ठेवावा लागतो आणि बिया फॉस्फरसने भरलेल्या असतात. ऑक्झलेटचे मूतखडे झालेल्या कुत्र्याला तीळ नको. यकृतात तांबे साठण्याचा विकार लॅब्रॅडोरमध्ये आढळतो. तीळ आणि सूर्यफूल यांत तांबे बरेच असल्यामुळे तो विकार निघाल्यास तेही बंद करावे. जवसात इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखे वागणारे लिग्नन नावाचे घटक असतात, म्हणून गाभण कुत्रीला ते देऊ नये, आणि वाढत्या पिल्लांच्या आहाराचा तोल इतका नाजूक असतो की, त्यांच्या भांड्यात वरून काही घालण्यापूर्वी पशुवैद्याची परवानगी घ्यावीच.

घरातल्या आणि बागेतल्या घातक बिया

बिया आरोग्याला चांगल्या, ही समजूत घरात रुजली की मुले सफरचंदाचा गाभाही कुत्र्यापुढे टाकू लागतात. सफरचंद, जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या बिया चावल्या गेल्यास सायनाइड सुटते. एखाददुसरी अख्खी बी गिळली गेली तर बहुधा काही होत नाही, पण सवय लागू देऊ नये. सीताफळाच्या बिया विषारी आहेत. आंब्याची कोय विषामुळे नव्हे, तर आतड्यात अडकते म्हणून घातक आहे आणि मे महिन्यात कुत्र्यांच्या शस्त्रक्रिया तिच्यामुळे होतात. धोत्र्याची बोंडे आणि गुंजा अंगणाच्या कडेला उगवत असतील तर उपटून टाकाव्यात.

सर्वांत जपावे ते एरंडापासून. एरंडाच्या बीत रिसिन हे अत्यंत जहाल विष असते आणि तेल काढल्यावर ते पेंडीतच मागे राहते. हीच एरंडी पेंड खत म्हणून कुंड्यांत घातली जाते, कधी हाडांच्या चुऱ्यात मिसळून, आणि तिच्या वासाने कुत्रे कुंडी उकरून ती खातात. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात: उलट्या, रक्ताळलेले जुलाब, गळाठून जाणे. त्यामुळे पेंड खाल्ल्याचे नुसते दिसले तरी लक्षणांची वाट न पाहता कुत्र्याला दवाखान्यात न्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, मीठच त्याला बाधते. निघताना पेंडीची पिशवी किंवा उरलेल्या बिया आणि शक्य असल्यास उलटीचा नमुना सोबत घ्यावा, आणि किती वाजता किती खाल्ले असावे याचा अंदाज रस्त्यातच फोन करून डॉक्टरांना सांगावा.